कोकराला मराठी येत नव्हती

गाव सोडलं तवा मी टेंपोच्या मागल्या फाळक्याला धरून उभा व्हतो, अन् माझ्यासंगं आमची उरलीसुरली मेंढरं. दुष्काळाचं साल व्हतं. दौलताबादच्या पलीकडं आमचं गाव. तिथं चरायला दगडाशिवाय काय ऱ्हायलं नव्हतं अन् मेंढरानं दगड खायची सवय अजून लावून घेतलेली नव्हती. म्हनून शहरातल्या छावनीच्या बाजारात इकायला न्यायची ठरली. नामदेवकाका, माझा चुलता, पुढं डायवरजवळ बसला. आबा, म्हंजे माझा बाप, टेंपोभवती फिरून एकेका मेंढीच्या पाठीवर हात ठेवत व्हता. "हिला कडंला नका उभं करू, पडंल. हिचं पोट नाजूक हाय." असं करत करत माझ्यापाशी आला. मला वाटलं, आता आपल्या बी पाठीवर हात येतोय. तर काकाला म्हनला, "ह्याला बी उभा करा बाजारात. कोनी फुकट न्हेला तर न्हेऊ द्या."

समदे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. मेंढरं तेवढी हसली नाय, त्यांची माया.

माय दारात उभी व्हती. ती बी मागं कशाला ऱ्हाईल. म्हनली, "ह्याच्या जागी खुंटा जलमला असता तर एक मेंढी तरी बांधली असती." झालं. टेंपो निघाला. मी हात हलवला, आबानं मेंढराकडं बघून हात हलवला.

बाजारात दुपारपर्यंत मेंढरं गेली. माझं तोंड उघडून दात बी कोनी बघितले नाय. शेवटी काकानं एका ठेकेदाराला इचारलं. त्याची एका ठिकानी बिल्डिंग चालू व्हती, लोखंड अन् रेती राखायला मानूस पायजे व्हता. ठेकेदार म्हनला, "मेंढरं राखलीस ना? मंग रेती राख. रेती पळत नाय." एवढी सोपी नोकरी मिळाली म्हनून मी खूश. म्हनलं, ह्यात तरी आपल्या हातून चूक व्हनार नाय. पयल्याच आठवड्यात अर्धी रेती कुत्र्यांनी उकरली अन् अर्धी शेजारच्यांनी न्हेली.

गावाकडच्या मंडळींनो, अन् माझ्यासारखं गाव सोडून इकडं पत्र्याखाली, जिन्याखाली ऱ्हानाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी सांगायलोय. मला लिव्हता येत नाय. मोबाईलमधी बोलतो, तो लिव्हतो. चुकलं असंल तर मोबाईलचं चुकलं. आयुष्यात पयल्यांदा चुकायला माझ्याशिवाय कोनीतरी सापडलं.

तवा ह्या शहराला औरंगाबाद म्हनायचे. आता संभाजीनगर म्हनतेत. एवढ्या मोठ्या शहराचं नाव बदललं, पन आबानं मला ठेवलेलं ‘येडपट’ काय बदललं नाय. शहर वाढत गेलं तसा मी त्याच्या मागं मागं हिंडलो. जिथं म्हनून बिल्डिंग उठली तिथं आधी मी पत्र्याच्या खोलीत राह्यलो. फरशी बसली, लाईट आली, लोकं ऱ्हायला आली की ठेकेदार म्हनायचा, चल पुढं. आधी मेंढरापाठी हिंडायचो, मंग बिल्डिंगीपाठी हिंडलो. शान्या लोकांचं हे शहर बघा. प्यायला पानी नाय, नळ कवा येईल ते नळालाच ठावं, टँकर आला की भारी साड्या नेसलेल्या बाया बादल्या घेऊन भांडतेत. पन बिल्डिंगीचं नाव इचारा. कुनाचं सरोवर, कुनाचा झरा, कुनाची गंगा. आमच्या गावात हिरीला नावच नव्हतं, ती आटली तवा कोनाची लाज गेली नाय.

लगीन झालं. शांता माझी बायको, वैजापूरकडची. तिला बघायला गेलो तवा मीच सांगितलं, "माझ्यात काय दम नाय, बघा बापा." तिच्या बापाला वाटलं पोरगं नम्र हाय. फसला बिचारा. ती सवयच हाय मला. समोरच्यानं माझी काढायच्या आधी माझी मीच काढतो. म्हंजे त्याचं काम हलकं अन् मला ठावं ऱ्हातं की दगड कुठून येतोय. लोकं म्हनतेत, लई इनोदी मानूस हाय. इनोद कसला डोंबलाचा. लहानपनी मार चुकवायला वाकायची सवय लागली, ती मोठेपनी गेली नाय, येवढंच.

एकदा ठेकेदार म्हनला, तुला सुपरवायझर करतो. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "मला नाय जमायचं." त्यानं दुसऱ्याला केला. तो माझ्यापरीस ढ व्हता, पन त्याच्या बापानं त्याला ते सांगितलेलं नव्हतं.

उस्मानपुऱ्याच्या ज्या बिल्डिंगीत मी आता हाय, तिथल्या लोकांनी एका झेंडावंदनाला माझा सत्कार केला. शाल, नारळ, टाळ्या. सेक्रेटरी साहेब बोलले, असा वॉचमन मिळनार नाय. मी खोलीवर आलो अन् पेटी भरायला घेतली. शांता म्हनली, काय करायले? म्हनलं, काढून टाकलं आपल्याला. शाल घालून काढतेत, मोठी लोकं हायत, शिव्या देऊन काढनार नाय. ती कपाळाला हात लावून बसली. मंग पेटीतून एकेक कापड काढून परत खुंटीला लावलं. मी बरेच दिवस सेक्रेटरी साहेबाच्या तोंडाकडं बघत ऱ्हायलो, कवा सांगतेत म्हनून. कोनी चांगलं बोललं की मला आधी खिसा चाचपून बघावा वाटतंय.

आता मोबाईलवर रोज सकाळी कोनी ना कोनी गुलाबाचं फूल पाठवतंय अन् खाली आईबाप म्हंजे देव. ज्याचे असतील त्यानं पुजावं. माझा देव उठल्यापासून माझ्या नावानं खडं फोडायचा अन् देवी त्याला खडं पुरवायची. नामदेवकाकाला एकदा मी म्हनलो बी, "काका, मला कवा कोनी चांगलं म्हनलं नाय." तर काकानं मला मेंढराचा कायदा सांगितला. धनगराला ठावं हाय तो. गिऱ्हाईक आलं की मेंढीचे गुन सांगायचे. पाव्हना आला की खोट सांगायची. पाव्हना कोकराकडं बघून म्हनला, "लई गोजिरं हाय," की आबा लगेच म्हनायचा, "कशाचं गोजिरं, मरतुकडं हाय, उद्याला जगत नाय." नजर लागू नये म्हनून. काका म्हनला, "तुला बी तसंच म्हनायचा रे. मायेनं."

मी काकाला इतकंच म्हनलो, "काका, कोकराला मराठी येत नव्हती. मला येत व्हती."

अन् दुसरं. पाव्हना गेल्यावर आबा त्याच कोकराला उचलून घोंगडीत घ्यायचा, त्याच्या कानात काय काय बोलायचा. माझ्या टायमाला पाव्हना काय जायाचाच नाय. जलमभर बसून ऱ्हायला बहुतेक. नजर लागू नये म्हनून एवढा बंदोबस्त केला बापानं, की परत माझ्याकडं कोनी बघितलंच नाय.

तर हे समदं मी हसत हसत सांगत आलो, पानटपरीवर, टँकरच्या लायनीत, कुठं बी. हसन्यावारी नेलं. न्हेता आलं असतं मरेपर्यंत. पन मधी आमची पोरगी आली.

कोमल नाव तिचं. मी बापाला आबा म्हनायचो, ती मला पप्पा म्हनती, एवढी आमची प्रगती. शाळा संपल्यावर शहागंजात नसीम आपाच्या ब्युटी पार्लरात कामाला लागली. आपा आमच्या टँकरवाल्याची बहीन, तोंडानं फटकळ पन कामाला पक्की. तिथं आधी झाडू मारायची, मंग टॉवेल धुवायची, मंग आपानं हातात कैची दिली. घरी येऊन शांताच्या केसावर हात बसवायची. मला त्यातलं काय कळत नाय. मी लोकर कातरलेली, तिथं मेंढी आरशात बघत नाय.

अलीकडच्या दुष्काळात गावची हीर पुन्हा कोरडी पडली. माय वारली व्हती. आबा एकटाच, म्हनून मी इकडं घेऊन आलो. जिन्याखालच्या खोलीत त्याला खाट टाकून दिली. आला त्या दिवशी भोवताली बघून म्हनला, "शहरात जाऊन शेवटी जिन्याखालीच शिरला का." म्हनलं, चला, तब्येत चांगली हाय.

एका संध्याकाळी नसीम आपा आमच्या घरी आली. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, बुरख्याचा पडदा मागं सारून त्याच्याच टोकानं वारा घेतला अन् म्हनली, "भाई, मैं उस्मानपुऱ्यामें दूसरी दुकान डाल रई. कोमल को वहाँ बिठाना है, पूरी जिम्मेदारी. हाथ में सफाई है बच्ची के. तुम लोगां से पूछने आई." 

शांताचं तोंड असं फुललं की काय सांगू. कोमल आत चहा गाळत व्हती, तिचं गाळनं थांबलं, कान इकडं.

तवर खाटेवरनं आबा बोलला. "हिच्या हाताला सफाई? हिला सुई ववता येत नाय. बापावर गेली."

अन् मंग मी. आपानं माझ्याकडं बघितलं, मला वाटलं आता आपली पाळी. म्हनलो, "खरं हाय आपा. हिच्याकडं यायचं तर गिऱ्हाईकानं घरून निघतानाच कान मोजून निघावं. घरी गेल्यावर परत मोजावं."

आबा हसला.

तुम्हाला ठावं नाय ही केवढी गोष्ट. मी बोललेल्यावर आबा हसला हे माझ्या जलमात घडलेलं नव्हतं. माझ्यावर हसायचा, माझ्या बोलन्यावर नाय. दात नसलेलं तोंड उघडून, मांडीवर थाप मारून हसला. माझ्या अंगात वारं शिरलं. म्या अजून एक सोडला, म्हनलो, "नवरीचा मेकप केला तर नवरदेव ओळखायला आधार कार्ड मागंल." अजून हसला. अजून एक. खाटंवर बसलेल्या म्हाताऱ्याचं तोंड बघत मी माझी पोरगी कातरत गेलो.

कोमल चहा घेऊन आली. ताट ठेवलं. ती बी हसली. सगळ्यात मोठ्यानं तीच हसली. ते हसनं मला वळखीचं व्हतं. माझ्याच गळ्यातलं व्हतं.

आपा चहा पिऊन, "सोचतूं मैं," म्हनून गेली. शांता भांडी घासताना एकदाच बोलली, "बापाला हसवायचं व्हतं तर स्वतःचं नाक कापून घ्यायचं. पोरीचं कशाला कापलं?"

दुसऱ्या दिवशी गेटवर शेजारच्या वॉचमनला बसवून मी शहागंजात गेलो. म्हनलं, आपाला सांगून टाकू, काल मजाक केली, पोरगी सोन्यासारखी हाय, दुकान द्या. पार्लरच्या दाराला जाड पडदा. मी तो बाजूला सारला तर आतून एवढ्या बाया किंचाळल्या की समोरचा अत्तरवाला दुकानातनं खाली उतरला. दारावर लिव्हलं व्हतं म्हनं, मर्दांना मनाई. मला काय ठावं, मला तर ते आपाचं नाव वाटलं. 

मंग मी रस्त्यावर उभा अन् आपा पडद्याच्या आत. म्हनलो, "आपा, पोरीला द्या दुकान."

आतून आवाज, "भाई, कल तो कुछ और बोल रे थे."

"काल माझा बाप बसला व्हता."

"अब्बा बैठे तो बच्ची का हाथ बिगड़ जाता क्या?" मंग म्हनली, "मैं तुम्हारी बात पे नईं गई भाई. मैं तो चाबी बना ली थी. सुबे आके कोमलच मना कर दी. बोली, आपा, मुझसे नईं होता."

ऐका. मुझसे नईं होता. मला नाय जमायचं. हे वाक्य मी कुठंबी गेलो तरी संगं घेऊन हिंडलो, कोनाला दिलं नाय, वाटलं आपल्यासंगंच जाईल वर. अन् एका संध्याकाळच्या चहात ते पोरीच्या तोंडात जाऊन बसलं.

मला ठावं व्हतं ती आतच हाय. कैचीचा आवाज येत व्हता. म्हनलं, आता बोलावं लागंल. पन चांगलं बोलायचं कसं, ते मला शिकवलेलंच नाय. तोंड उघडलं अन् जे चांगलं म्हनून ठावं व्हतं तेच बाहेर आलं, बाजारातलं. म्हनलो, "आपा, पोरगी निरोगी हाय. दात चांगले हायत. चालायला खमकी, कमी पान्यात टिकती."

आतल्या बाया हसून हसून गडाबडा लोळल्या. अत्तरवाल्यानं तोंड फिरवलं. मला बी पळून जावं वाटलं. अजून एक इनोद करून मोकळं व्हावं, म्हंजे सुटलो. पन कैचीचा आवाज थांबला व्हता.

म्हनलो, "कोमल, तुझी मम्मी टायफाईडनं पडली तवाचं सांगतो. डोक्याचा पार गुंता झाला व्हता. समदे म्हनले भादरून टाका. मी बी म्हनलो. तू तेल घेऊन बसली. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत एकेक बट सोडवली, एक केस कापला नाय, मम्मीला झोपेतनं जाग येऊ दिली नाय. मी दारातनं बघत व्हतो. मला तवा वाटलं, ही पोरगी आमच्यातली नाय, आमच्यात एवढा धीर कोनाला नाय. बोललो नाय. बोलायचं असतंय हे ठावंच नव्हतं."

आत कोनी हसलं नाय. मंग कोमलचा आवाज आला, बारीक. "पप्पा, घरी जा. गिऱ्हाईक बसलंय."

शिनेमात असतं तर पडदा सारून येऊन गळ्यात पडली असती. इथं अत्तरवाल्यानं माझ्या मनगटाला फुकट अत्तर लावलं अन् मी टमटममधी बसून घरी आलो.

रात व्हायच्या आत आबाचं सुरू झालं. शांतानं त्याला कुठं गेलतो ते सांगितलं असंल. म्हनला, "गेलता म्हनं पोरीची वकिली करायला. येडपट. तिचं तिला कळालं ना, जमत नाय म्हनून. शानी हाय ती तुझ्यापरीस."

मी म्हनलो, "आबा, ह्या घरात पोरीला तसं बोलायचं नाय."

त्याला कळंचना. "मंग काय बोलायचं?"

"काय नाय बोललं तरी चालतंय."

मंग म्हनला, "तुला बोललो म्हनून तर तू मानूस झाला."

म्हनलो, "कुठं झालो, आबा?"

त्याला वाटलं इनोद केला. हसला. मी हसलो नाय. त्याचं हसनं आपलं आपन थांबलं, बैलगाडी चढावर थांबती तसं. मला त्याची कीव आली नाय, खोटं कशाला सांगू. त्याला बी त्याच्या बापानं असंच केलं असंल, त्याच्या बापाला त्याच्या बापानं. आपल्याकडं वारशात जमीन कुनाला मिळाली नाय, हे तेवढं बिनतक्रार समद्यांना मिळालं. 

कोमलनं दुकान घेतलं. पडद्याबाहेरचं माझं बोलनं ऐकून घेतलं का आपानं कान पिळला म्हनून घेतलं, मला ठावं नाय, मी इचारलं बी नाय. पयल्याच आठवड्यात तिनं एका कॉलेजच्या पोरीचे कपाळावरचे केस जास्तच वर कापले. पोरगी रडली, तिची आई येऊन भांडली. कोमल घरी आली ती भिंतीला टेकून बसली, चप्पल बी काढली नाय, अन् शांताला समदं सांगितलं. सांगून झाल्यावर गप झाली, आमच्या तोंडाकडं बघत. वाट बघत व्हती. मला ठावं हाय ती वाट कशाची असती.

माझ्या जिभेवर इनोद तयार व्हता, लई भारी व्हता, समदे हसले असते. भाकरीबरोबर गिळला. आबानं तोंड उघडलं. मी त्याच्याकडं बघितलं. म्हाताऱ्यानं तोंड तसंच ठेवलं थोडा वेळ, मंग म्हनला, "ठेचा दे जरा इकडं."

कोमल अजून थोडी थांबली, काय येतंय का बघायला. काय आलं नाय. मंग तिनं चप्पल काढली, हात धुतले, जेवायला बसली. पोटभर जेवली.

तुम्ही लोकं फोनवर इचारता, गावाची आठवन येती का, घरची आठवन येती का. गावाची येती, मोकळं माळरान व्हतं. घराची काय आठवन काढू, ते तर डोक्यात बसून रोज बोलतंय. आता घर म्हंजे मला एवढंच ठावं हाय. चूक करून आलेलं पोरगं जिथं जेवून झोपतंय अन् सकाळी परत कामाला जातंय. ती सकाळी गेली. गेट म्याच उघडलं. काय बोलावं सुचलं नाय, म्हनून सलाम ठोकला. वॉचमन हाय मी, ते मला जमतंय.